तार आली

मास्टरजींच्या वेल्डिंग शॉपमध्ये कुठलाही प्रश्न विचारलेला चालायचा. दिवाळीची सुट्टी कधी, कॅन्टीनच्या डाळीत डाळ का नसते, मॅनेजरसाहेब केस काळे करतात का, काहीही विचारा. बंदी होती ती फक्त एका प्रश्नाला. ‘आली का?’

आता हा काय बंदी घालण्यासारखा प्रश्न आहे? पण मी फरीदाबादच्या त्या कारखान्यात पहिल्या दिवशी सकाळी आठला पाऊल ठेवलं आणि साडेअकराच्या आत तो विचारून मोकळी झाले. सगळं शॉप थांबलं. धरमवीर नावाचा सहा फुटी हरियाणवी वेल्डर, ज्याला मी तो विचारला होता, त्यानं हातातली गन खाली ठेवली आणि मी देवळात चपला घालून शिरल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मग मास्टरजी आले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मला मराठीत म्हणाले, ‘‘साडेतीन तास. धरमवीरनं चार दिवस काढले होते.’’

अशी आमची ओळख झाली.

टेलिफोनला गोल डायल असायची, तेव्हाची ही गोष्ट. मी दिल्लीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली, बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन मी या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. तिथं ट्रॅक्टरच्या मागं लावायच्या ट्रॉलीचे सांगाडे बनायचे. वेल्डिंग शॉपमध्ये सोळा पुरुष, मास्टरजी आणि मी. तीन महिन्यांचं ट्रेनिंग होतं, आणि एक पिवळं कार्ड. कार्डाच्या तळाशी एक रिकामी ओळ. त्या ओळीवर मास्टरजींनी शेरा लिहून सही केली तर मी शॉपमध्ये राहणार, नाही केली तर वर ड्रॉइंग ऑफिसात जाऊन नकाशांना नंबर घालत बसणार. मॅनेजरसाहेब पहिल्याच दिवशी प्रेमानं म्हणाले होते, ‘‘बेटा, ऊपर एसी है.’’ बाबाही एसीच्या बाजूचे. आई माझ्या लग्नाच्या बाजूची, त्यामुळे तीही एसीचीच. मला मात्र ठिणग्या हव्या होत्या. का, ते मला आजही सांगता येणार नाही. काही मुलींना नाच आवडतो, मला ते आवडायचं.

तर ती सही मला हवी होती. आणि ज्यांच्या हातात सही होती त्या माणसानं तीनपैकी अडीच महिने मला वेल्डिंगला हात लावू दिला नाही. तार भरायला लावली.

कंपनीच्या कागदांवर त्या मशिनचं नाव मिग, शॉपमध्ये सगळे त्याला सीओटू म्हणत. काडीच्या वेल्डिंगमध्ये काडी संपली की दुसरी लावायची. इथं काडीच्या जागी सायकलच्या स्पोकहून बारीक तार असते, तिचं पंधरा किलोचं रीळ मशिनवर चढवायचं. तारेचं टोक दोन रोलरच्या मधून एका नळीत घालायचं. नळी तीन मीटर लांब आणि तिच्या दुसऱ्या टोकाला गन. बटण दाबलं की रोलर फिरतात आणि तार नळीतून सरकत गनच्या तोंडातून बाहेर येते. मधले काही सेकंद ती कुठवर पोचली ते कोणालाच दिसत नाही. आणि त्या सेकंदांत माणसाच्या तोंडी हमखास जे येतं ते म्हणजे, ‘आली का?’

‘‘विचारलं की समोरचा वाकून बघतो,’’ मास्टरजींनी मला त्या पहिल्या दिवशी समजावलं. ‘‘गनच्या तोंडात बघतो. शहाणा असो, खुळा असो, बघतोच. म्हणून विचारायचं नाही. ज्याच्या हातात बटण, तो सांगेल. बाकीच्यांनी थांबायचं.’’

कसं सांगायचं तेही ठरलेलं होतं. बटण आणि गन दोन्ही एकाच माणसाच्या हातात, गनचं तोंड रिकाम्या कोपऱ्याकडे. तार बाहेर आली की त्यानं खड्या आवाजात ओरडायचं, ‘‘तार आली!’’ की बाकीच्यांनी एक पाऊल मागं आणि तोंड दुसरीकडे. ओरडायचं मराठीतच. हिंदीत तार पुल्लिंगी, त्यामुळे नवा कोणी ‘तार आया’ म्हणाला की मास्टरजी मशीन थांबवून गंभीरपणे विचारायचे, ‘‘कौन आया?’’ नवा माणूस दाराकडे बघायचा. दोन-तीनदा असं झालं की पलवलचा असो की आरा जिल्ह्याचा, सगळे ‘तार आली’वर यायचे. हे दोन शब्द मराठी आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांना ते मशिनबरोबर आलेलं काहीतरी वाटायचं. सेफ्टीवाल्यांनी एकदा बोर्ड रंगवायला काढला तेव्हा मला स्पेलिंग विचारलं आणि म्हणाले, जर्मन शब्द आहे ना? मी म्हटलं, बिल्कुल जर्मन. तो बोर्ड पुष्कळ वर्षं तिथं होता.

मास्टरजी मूळचे मिरजेकडचे. बुटके, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण मे महिन्यातही लावलेलं. डावा डोळा काचेचा, आणि उजव्यातूनही काही कळायचं नाही. हसताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. मला ‘तुम्ही’ म्हणायचे, ‘बाई’ म्हणायचे. मी एकदा सवयीनं ‘काका’ म्हटलं, तर म्हणाले, ‘‘काका घरी. इथं काका म्हणून चूक केलीत तर मला रागावता येणार नाही.’’ म्हणून मीही बाकीच्यांसारखी मास्टरजीच म्हणू लागले.

तार भरणं म्हणजे त्यांच्याकडे एक पूजाच होती, फक्त प्रसाद मिळायचा नाही. आधी मेन स्विच बंद, सिलिंडर बंद, हातमोजे, गॉगल. मग रिळावरचा तारेचा नंबर वाचायचा, रोलरच्या खाचेचा नंबर वाचायचा आणि दोघांची पत्रिका जुळते का बघायची. मग रीळ चढवायचं. रिळाच्या कडेला अडकवलेलं तारेचं टोक सोडवलं की ते चिमटीतून सुटता कामा नये, सुटलं तर पंधराच्या पंधरा किलो तार स्प्रिंगसारखी उसळते आणि तुमच्या तोंडावर येते. हे पटावं म्हणून त्यांनी मला ते टोक धरून उभं केलं आणि स्वतः चहा प्यायला गेले. चहा त्यांनी बशीत ओतून, फुंकर घालून, पूर्ण घेतला. माझ्या नाकाला खाज सुटली होती. परत आल्यावर म्हणाले, ‘‘अजून धरलंय? बरं झालं. उद्या आपण पुढचं बघू.’’

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मी माझ्या मुलांना कधी सांगितलेली नाही. तारेचं टोक वाकडं असतं, ते कापायचं. कापलं की त्याला धार राहते, ती धार नळीला आतून ओरखडे पाडते, म्हणून ते टोक घासून गोल करायचं. मास्टरजी म्हणाले, ‘‘कानस आणा.’’ आता आमच्या घरी मराठी चांगलं बोलायचे, पण हत्यारांबद्दल बोलायची वेळ यायची ती प्लंबरशी आणि सुताराशी, तीही हिंदीत. मला कानस हा शब्दच माहीत नव्हता. मला ऐकू आलं, कणीस. मी म्हटलं, असेल बाई! ज्या माणसाच्या शॉपमध्ये ‘आली का’ विचारता येत नाही तिथं तार कणसानं घासत असतील. गेटबाहेर भुट्टेवाला बसायचा, त्याच्याकडून मी एक छानसं भाजलेलं, लिंबू-मसाला लावलेलं घेऊन आले.

मास्टरजींनी ते हातात घेतलं. उजेडात धरून फिरवून पाहिलं. अंगठ्यानं दाणे चाचपले. ‘‘दाणे बारीक आहेत,’’ म्हणाले. ‘‘फिनिशिंगला चालेल.’’ मग खण उघडून त्यांनी एक लोखंडी पट्टी बाहेर काढली, जिला मी जन्मभर ‘रेती’ म्हणत आले होते, आणि दोन्ही माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. ‘‘हे घासायचं. ते खायचं. उलट करू नका.’’ धरती दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. अर्धं कणीस त्यांनीच खाल्लं, अर्धं धरमवीरनं.

रोलरचा स्क्रू किती आवळायचा, हा पुढचा धडा. सैल राहिला तर तार घसरते, फार आवळला तर चेपते आणि नळीत अडकून बसते. मी विचारलं, किती घट्ट? ते म्हणाले, ‘‘नवी सून सासूशी जितपत बोलते तितपत.’’ माझं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे तो अंदाज यायला मला आठवडा लागला. तार पुढं ढकलण्याआधी गनचं नोझल काढायचं, त्याच्या आतली तांब्याची टिप काढायची, नळी जमिनीवर सरळ ताणून ठेवायची. मग स्विच चालू. आणि बटण दाबलं की त्या तारेत करंट असतो, म्हणून ती लोखंडाला किंवा अंगाला लागू द्यायची नाही. यातलं काहीही चुकलं की ते ओरडायचे नाहीत, फक्त म्हणायचे, ‘‘रीळ उतरवा.’’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या महिन्यात मी इतकी रिळं चढवली-उतरवली की आई म्हणाली, तुझे दंड हमालासारखे झालेत, आता कोण करणार तुझ्याशी लग्न! मी म्हटलं, हमाल करेल.

त्यांची दुसरी खोड म्हणजे ते कुठल्याही भोकाला डोळा लावून बघायचे नाहीत. लॅबमध्ये वेल्डचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘‘तुम्ही बघा आणि सांगा.’’ त्यांच्या घरी मी एकदा गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, नवीनच बसवलेलं दाराचं भिंग दाखवलं. त्यावर यांनी आतून चिकटपट्टी लावली होती. बेल वाजली की ते दाराच्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि ‘कोण?’ म्हणायचे. दूधवाला म्हणे त्यांना पोलिसातून रिटायर झालेले समजत होता. फरीदाबादच्या महाराष्ट्र मंडळानं एका गणपतीत फोटो काढायचं काम त्यांच्यावर सोपवलं. त्यांनी कॅमेरा छातीशी धरून, डोळ्याला न लावता, सगळे फोटो काढले. आरतीच्या फोटोत अठ्ठावीस माणसं आहेत आणि एकालाही डोकं नाही. गणपतीचं तेवढं आलंय, कारण तो चौरंगावर होता.

डोळ्याबद्दल विचारायला बंदी नव्हती. विचारलं की ते सांगायचे, फक्त दर वेळी वेगळं. धरमवीरला सांगितलं होतं की लहानपणी कोंबडीनं टोचा मारला. प्यूनला सांगितलं होतं, दिवाळीचा बाण. मॅनेजरसाहेबांना म्हणे क्रिकेट. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘देवाकडे ठेवलाय. वर गेल्यावर जोडी लागेल.’’ मी मनात म्हटलं, नका सांगू, माझं काय अडलंय!

शेवटच्या पंधरवड्यात त्यांनी मला वेल्डिंग करू दिलं. माझी पहिली वेल्डची शिवण गोगलगाय चालून गेल्यासारखी आली. हळूहळू बरी येऊ लागली. ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. कार्डावरची ओळ रिकामीच होती, आणि शनिवार आला. सोमवारी कार्ड मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर जायला हवं होतं.

‘‘आज परीक्षा,’’ मास्टरजी म्हणाले. ‘‘तार भरा.’’

माझं डोकंच फिरलं. अडीच महिने तार, आणि परीक्षेलाही तार! रडू यायला लागलं होतं, पण गॉगलच्या आत रडलं की काच धुरकट होते आणि तार दिसत नाही, म्हणून गिळून टाकलं. पत्रिका जुळवली, रीळ चढवलं. टोक कापलं, कानशीनं घासलं. स्क्रू सुनेइतपत आवळला. नोझल काढलं, टिप काढली, नळी सरळ केली, गनचं तोंड रिकाम्या कोपऱ्याकडे केलं. सोळाही जण हातातली कामं टाकून बघत होते. स्विच चालू केला आणि बटण दाबलं. तार नळीत शिरली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, ‘‘मास्टरजी! तार आली!’’

सोळा माणसं एक पाऊल मागं सरली आणि सोळा तोंडं दुसरीकडे वळली. मास्टरजीही वळले. मी माझ्या गनकडे बघितलं, तिच्यातून काहीच आलेलं नव्हतं. बटणावरचं बोट मी काढलं.

‘‘माझी नाही आली अजून,’’ मी म्हटलं.

मास्टरजी भिंतीकडेच तोंड करून म्हणाले, ‘‘मग माझी असेल.’’

दारात प्यून होता. बिचाऱ्यानं मास्टरजींना त्यांच्या बोलीत सांगावं म्हणून इतक्या वर्षांत कानावर पडलेले ते दोनच शब्द वापरले होते. त्याच्या हातात पोस्टाचं पाकीट होतं. आता तार म्हणजे काय हेसुद्धा पोरांना समजावून सांगावं लागतं, पण तेव्हा घरी तार आली की आमची आई ती फोडायच्या आधीच पदर डोळ्यांना लावायची. शॉपमध्ये कोणी हसलं नाही. मास्टरजींनी हातमोजे काढले, पाकीट फोडलं, आणि कागद उजव्या डोळ्याजवळ धरून वाचायला लागले. वाचता वाचता त्यांनी डाव्या हातानं मला खूण केली. चालू ठेवा.

मी बटण दाबलं. रोलर फिरले आणि काही सेकंदांत वीतभर तार गनच्या तोंडातून बाहेर आली.

आता काय करायचं? समोर एक माणूस मरणाची बातमी वाचतोय, आणि मी ‘तार आली’ म्हणून बोंबलायचं? धरमवीरनं माझ्याकडे बघून मान हलवली, हळूच म्हणाला, ‘‘बहनजी, अभी नहीं.’’ मलाही तेच वाटत होतं. पण बाकीचे पंधरा जण माझ्याकडे नाही, मास्टरजींकडे बघत होते. वीतभर उघडी तार माझ्या हातात होती, हे धरमवीर सोडला तर कोणालाच ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग पोटातून जोर लावून ओरडले, ‘‘तार आली!’’

लोक मागं सरले, पण माझ्याकडे ज्या नजरेनं त्यांनी बघितलं ती मी विसरलेली नाही. काय ही बाई, लाजलज्जा आहे की नाही! मास्टरजींनी कागदावरून मान वर केली नाही. ‘‘कळलं,’’ एवढंच म्हणाले, आणि कागदाची घडी घातली.

मी टिप लावली, नोझल लावलं, जास्तीची तार कापली, स्विच बंद केला. त्यांनी तपासलं नाही. मला म्हणाले, ‘‘तुमचं इंग्रजी अक्षर चांगलं आहे ना? पोस्टात चला. फॉर्म भरायचाय.’’ कार्ड माझ्या खिशात होतं. त्याबद्दल मी कुठल्या तोंडानं विचारणार?

पोस्ट ऑफिसपर्यंत आम्ही सायकलरिक्षानं गेलो. त्यांनी तो कागद मला दिला. इंग्रजीत लिहिलं होतं, दत्तू सीरियस, लवकर या. मी विचारलं, दत्तू कोण?

‘‘बटण त्याच्या हातात होतं,’’ ते म्हणाले.

मग रस्त्याकडे बघत, रोजच्याच आवाजात त्यांनी सांगितलं. मिरजेजवळ एक वर्कशॉप होतं, तिथं परदेशातून पहिलंच सीओटू मशीन आलं होतं. दत्तू आणि हे, दोघंही बावीस वर्षांचे, लहानपणापासूनचे दोस्त. दत्तू मशिनपाशी बटण दाबून उभा, हे तीन मीटरवर गन धरून. दत्तूनं विचारलं, ‘आली का रे तार?’ ‘‘मी तोंडानं सांगायचं, तर वाकून बघितलं. तेव्हाच आली.’’

मी तो कागद घडी घालून त्यांना परत दिला.

‘‘त्यानं पुन्हा मशिनला हात लावला नाही. पिठाची गिरणी टाकली. दर दिवाळीला पत्र येतं. खाली एक ओळ असतेच, ‘मी विचारायला नको होतं.’ मी उत्तरात दिल्लीच्या थंडीबद्दल लिहितो. दुसरं काय लिहायचं? बघ म्हणून तो म्हणाला नव्हता. माझं मीच बघितलं.’’

‘‘मग शॉपमध्ये का नाही सांगितलंत कधी? कोंबडी काय, बाण काय!’’ मला रागच आला होता, का ते कळत नव्हतं.

‘‘मास्तरनं आपली चूक सांगितली की शिकणाऱ्याला वाटतं, ही केली तरी माणूस मास्तर होतो,’’ ते म्हणाले, आणि रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

पोस्टात मी फॉर्म भरायला घेतला. पत्ता दत्तूचा. मजकूर काय, म्हणून विचारलं. मला वाटलं ‘निघतोय’ असं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, ‘‘लिहा. तार आली.’’

‘‘म्हणजे, तुमची तार मिळाली असं?’’

‘‘त्यानं विचारलं होतं ना,’’ ते म्हणाले. ‘‘उत्तर द्यायचं राहिलंय.’’

मी रोमन अक्षरांत लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नाही. खिडकीतल्या बाबूनं चष्मा वर करून वाचलं. ‘‘तार अली. ये भेजने वाले का नाम है? नाम नीचे लिखते हैं.’’

‘‘यही मैसेज है,’’ मास्टरजी म्हणाले.

‘‘अरे भाईसाहब, अली साहब आ रहे हैं कि जा रहे हैं, कुछ तो लिखिए!’’

‘‘आ गए,’’ मास्टरजी म्हणाले. बाबूनं खांदे उडवले आणि शिक्का मारला.

शनिवारचा अर्धा दिवस होता आणि मला दिल्लीलाच जायचं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर नवी दिल्ली स्टेशनला गेले. प्यूनकडून निरोप मिळाल्यावर काकू पहाडगंजच्या बाजूनं बॅग आणि डबा घेऊन आल्या होत्या. पुण्याची गाडी लागलेली होती. मास्टरजी खिडकीशी बसले. काकू त्यांना मफलर, गोळ्या, पुण्याहून मिरजेची गाडी असं सगळं बजावत होत्या. मी मागं उभी. सोमवारी वर जायचं, एसीत बसायचं, असं मी स्वतःला समजावत होते, आणि अशा वेळी आपल्याला कार्ड सुचतंय याची लाजही वाटत होती.

शिट्टी झाली. मास्टरजींनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला.

‘‘कार्ड आण गं,’’ ते म्हणाले.

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला अगं-तुगं केलं होतं. मी कार्ड दिलं. गुडघ्यावर ठेवून त्यांनी ते लिहिलं, गाडीला धक्का बसला तशी सही तिरकी गेली. कार्ड माझ्या हातात आलं तेव्हा गाडी चालू झाली होती. मी वाचलं. तीनच शब्द होते. ‘तार भरता येते.’

एवढंच? वेल्डिंगचं नाव नाही, हाताचं कौतुक नाही! धावत्या गाडीला ऐकू जाणार असतं तर मी काय बोलले असते देव जाणे. काकू म्हणाल्या, काय गं, काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही, आशीर्वाद.

सोमवारी मॅनेजरसाहेबांनी मला त्या ओळीचा अर्थ विचारला. मी सांगितला. ‘‘बस? तीन महीने में तार भरना?’’ ते हसायलाच लागले आणि वरच्या मजल्याला फोन लावण्यासाठी हात पुढं केला. धरमवीर तिथं दुसऱ्या कामाला आला होता. त्यानं कार्ड घेऊन अक्षरं लावत लावत वाचलं. त्याचं तोंड उतरलं. ‘‘सर, मैं यहाँ ग्यारह साल से हूँ,’’ तो म्हणाला. ‘‘मेरे कार्ड पे मास्टरजी ने लिखा था, ‘देखेंगे’. ये किसी के कार्ड पे नहीं लिखा.’’ मॅनेजरसाहेबांनी फोनकडचा हात मागं घेतला. काय समजले ते त्यांनाच ठाऊक, पण सही केली.

मास्टरजी बारा दिवसांनी परत आले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, डबा हातात, आठच्या ठोक्याला. दत्तूची गोष्ट आता शॉपला माहीत होती. होय, मीच सांगितली होती, न सांगून राहवलं नाही. सगळ्यांच्या पोटात एकच प्रश्न होता, भेट झाली का? पण कोणी विचारेना. त्या शॉपमध्ये ती सवयच नव्हती.

मी एका मशिनवर तार भरत होते. ते येऊन माझ्या बाजूला, गनच्या मागं, एका अंगानं उभे राहिले. प्रश्न माझ्या जिभेवर होता. ज्याच्या हातात बटण, तो सांगेल, बाकीच्यांनी थांबायचं. मी बटण दाबलं. रोलर फिरायला लागले.

‘‘तार माझ्या आधी पोचली,’’ ते म्हणाले.

मी मान वळवली नाही.

‘‘मुलानं त्याच्या कानाशी वाचून दाखवली. पहिल्यांदा कळलं नाही. पुन्हा वाच म्हणाला. मग हसला म्हणे. बराच वेळ हसत होता.’’ त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. ‘‘मी पोचलो तेव्हा आटोपलं होतं सगळं.’’

मला रडू आलं. आवरलंच नाही. गॉगलच्या काचा धुरकट झाल्या, समोरचं काही दिसेना. तार बाहेर आल्याचं फक्त हाताला कळलं. मी बटण सोडलं. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

‘‘सांग गं,’’ मास्टरजी हळू म्हणाले. ‘‘राहून जातं.’’

मी ओरडले, ‘‘तार आली!’’ सोळा जण एक पाऊल मागं सरले.